प्रयाग नव्हे, प्राग

आमच्या मिस्टरांनी परदेशी जायचं ठरवलं त्याला कारण माझा भाऊ अय्युब. अय्युब लंडन आणि पॅरिस करून आला आणि तेव्हापासून आमच्याकडे जेवायला बसला की पहिला घास तोंडात जायच्या आत "लंडनला एकदा काय झालं" असं सुरू करायला लागला. आमचे मिस्टर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ज्या माणसाने आयुष्यभर धरणातून कुठल्या कालव्याला किती पाणी सोडायचं याच्या फायली सांभाळल्या, त्याला मेव्हण्याने दोन हात पसरून थेम्स नदीची रुंदी दाखवावी, हे सोसणं कठीणच होतं. एका रविवारी अय्युब असाच नदी दाखवून घरी गेला आणि यांनी जाहीर केलं, "नजमा, आपण प्रागला जायचं."

"ते कुठं आलं?"

"बघ!" हे इतके खूश झाले की मला वाटलं आता टाळ्या वाजवतात. "हाच प्रश्न मला सगळ्यांच्या तोंडून हवाय."

प्राग ही चेक देशाची राजधानी. जुना किल्ला, जुना पूल, जुनं घड्याळ आणि मधून वाहणारी नदी. पण आमच्या ओळखीतलं एकही माणूस तिथे गेलेलं नव्हतं, हे यांच्या दृष्टीने तिथलं सर्वांत प्रेक्षणीय स्थळ.

दुर्दैव असं की वारज्यात आमच्या इमारतीत तो प्रश्न एकानेही विचारला नाही. कारण प्रत्येकाने ऐकलं ते 'प्रयाग'.

"प्रयागला निघालात?" सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर दातार म्हणाले. "कमाल आहे, इम्तियाजभाई. आमच्या घरातलं अजून कोणी गेलेलं नाही. लाज आणलीत आम्हाला."

"प्राग," हे म्हणाले. "युरोपात."

"असं होय. मग नीट सांगा की." दातार एकदा सिंगापूरला जाऊन आलेले आहेत, त्यामुळे परदेश या विषयावर त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा. "एक लक्षात ठेवा. व्हिसाच्या फोटोत हसू नका. हसणारा माणूस परत जात नाही असा त्या लोकांचा अनुभव आहे."

"मी एरवीही हसत नाही."

"ते माहीत आहे. तरी सांगून ठेवलं."

दुसऱ्या मजल्यावरच्या मथुराबाईंनी मला जिन्यात बाजूला घेऊन हळूच सांगितलं की तिकडे संडासात पाणी नसतं, नुसता कागद असतो. मी हे यांना सांगितलं. पाटबंधारे खात्याच्या माणसाला एवढा हादरा बसलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. नदी शहराच्या मधून वाहते आणि संडासात पाणी नाही, म्हणजे नियोजनात कुठेतरी मोठी चूक आहे, असं हे रात्रीच्या जेवणापर्यंत म्हणत होते. शेवटी सामानात एक प्लास्टिकचा तांब्या गेला.

आता हिंदुरावांबद्दल सांगायला हवं. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती मूळची त्यांची. जमीन बिल्डरला दिली आणि वरचा अख्खा मजला घेतला. माणूस सोन्यासारखा, पण आवाज पलीकडच्या बांधावर पोचेल असा. आमच्या घरी कधीही आले की बाथरूमकडे बोट करून सांगायचे, "हितं आमची हीर हुती बरं का, भाभी." आमच्या भिंतीला ओल का येते याचं इतकं पटण्यासारखं कारण बिल्डरनेसुद्धा कधी दिलं नव्हतं.

एका संध्याकाळी हिंदुराव आणि त्यांच्या पत्नी शालूवहिनी पेढे घेऊन आले.

"सायेब, तुमी पर्यागला चाललाय. आमी बी येतोय संगट. पोरानं तिकिटं काढली."

पोरगा म्हणजे संभाजी. शिकलेला, बोलका, बांधकामाच्या साहित्याचा मोठा धंदा. त्याने आठवड्यापूर्वी मला फोन करून गाव आणि तारखा विचारल्या होत्या आणि मी 'प्राग' असं स्पष्ट सांगितलं होतं. त्याने ते बरोबर ऐकलं, बरोबर तिकिटं काढली. बापाने मात्र पहिल्या दिवशी ऐकलं होतं तेच ठेवलं. बापलेक एकाच घरात राहून दोन वेगवेगळ्या नद्यांवर निघाले होते.

यांनी घसा खाकरला. "हिंदुराव, ते प्रयाग नाही. प्राग आहे. फार लांब आहे. विमानाने."

"इमानाचं म्हाईत हाय. पर म्या भावकीत समद्यांना सांगून बसलोय." हिंदुराव विचारात पडले. "थितं नदी हाय का?"

"आहे."

"पूल?"

"आहे. जुना आहे."

"द्येव?"

"पुलावर दोन्ही बाजूंनी आहेत," मी म्हटलं. "पुतळे. संत आहेत त्यांचे."

"मंग झालं की! आजून काय लागतं?"

ते गेल्यावर हे बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. प्रागमध्ये आपण कसे फिरणार याचं एक चित्र यांनी मनात काढलं होतं. अंगात सूट, डोक्यावर हॅट, हातात नकाशा, एखाद्या जुन्या वास्तूसमोर शांत उभे. त्या चित्रात हिंदुराव कुठेच बसत नव्हते. ते तर सोडाच, मी तरी त्यात होते की नाही याची मला त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली.

व्हिसाच्या वेळीही यांची अब्रू थोडी गेलीच. प्रवासाचा हेतू या रकान्यात सगळे 'पर्यटन' लिहितात. यांनी लिहिलं 'सांस्कृतिक अभ्यास'. खिडकीतली मुलगी म्हणाली, "विद्यापीठाचं पत्र?"

"विद्यापीठाचा काय संबंध?"

"अभ्यास म्हटलंय ना, सर."

मग यांनी तो शब्द खोडला. खाडाखोड चालत नाही म्हणून सगळं पुन्हा भरलं. त्यात पासपोर्टवरचा, पेन्शनचा आणि बँकेतला, असे तीन इम्तियाज इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले निघाले. ते तिन्ही एकच आहेत असं वकिलाकडून लिहून आणावं लागलं. हिंदुरावांचा अर्ज संभाजीने भरला होता. त्यांचा व्हिसा आमच्या आधी आला. हिंदुराव फोटोत खळखळून हसत होते.

प्रागला पोचलो ते मे महिन्याच्या शेवटी. हवा आपल्याकडच्या डिसेंबरसारखी. हिंदुराव पांढरा लेंगा, नेहरू शर्ट, टोपी आणि संभाजीने दिलेले पांढरेधोप बूट घालून बाहेर पडले. शालूवहिनी हिरव्या नऊवारीत, वरून मुलाचं जाकीट. हे लक्ष्मी रोडवरून खास शिवून घेतलेल्या तपकिरी थ्री-पीस सुटात. आणि मी, माझ्याकडे कोण बघतंय म्हणून, नेहमीच्या पंजाबी ड्रेसमध्ये.

जुन्या चौकात ते प्रसिद्ध घड्याळ आहे. दर तासाला त्यातला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून संतांच्या बाहुल्या फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो. आम्ही गर्दीत माना वर करून उभे राहिलो. सांगाड्याने घंटा वाजवली, बाहुल्या फिरल्या, कोंबडा आरवला. शालूवहिनींनी हात जोडले, ते बघून शेजारच्या दोन परदेशी मुलींनीही जोडले.

"संपलं?" हिंदुराव म्हणाले. सगळा चौक वळून बघायला लागला. "एवढ्यासाठी हुबं केलं व्हय रं?"

"हळू बोला," हे ओठ न हलवता म्हणाले.

"का? निजलंय का कुणी?"

खरं सांगायचं तर मलाही आतून अगदी तेच वाटलं होतं, आणि मला वाटतं यांनाही. पण हे तेवढ्यात दोन पावलं पुढे सरकले. त्या दिवसात ही दोन पावलं वाढत वाढत गेली. आधी एक दुकान पुढे, मग एक गल्ली पुढे, आणि संध्याकाळी नदीपाशी तर हे पुलाच्या त्या टोकाला आणि आम्ही तिघं या टोकाला.

यांचा एकट्याचा दोष नाही. परिस्थितीही चमत्कारिक होती. पुलावर जो तो हिंदुरावांबरोबर आणि शालूवहिनींबरोबर फोटो काढायला यायचा. एक वयस्क जपानी गृहस्थ यांच्याजवळ आले, लवून नमस्कार केला. यांनी टाय सरळ केला, हॅट नीट केली. गृहस्थांनी कॅमेरा यांच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन हिंदुरावांच्या शेजारी उभे राहिले. यांनी फोटो काढला. दुसऱ्या एक बाई तर म्हणाल्या, "सर, थोडं बाजूला होता का? तुम्ही मधे येताय." लक्ष्मी रोडच्या शिंप्याने त्या सुटासाठी तीनदा मापं घेतली होती.

खाण्याचंही सांगते. आम्हाला तिथल्या मांसाबद्दल शंका, त्यामुळे हॉटेलात पाव आणि फळं. पहिल्याच सकाळी शालूवहिनींनी आमच्या खोलीचं दार वाजवलं. पुण्याहून त्यांनी कडक वाळवलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा आणला होता. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही यांनी नाश्त्याला दोन-दोन भाकरी खाल्ल्या आणि पलंगावरचे तुकडे वेचून तेही खाल्ले. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे जे झालं ते त्या भाकरी पोटात असताना झालं.

दुसऱ्या दिवशी ट्रामने किल्ल्यावर गेलो. फाटकावर पहारेकरी असतात, पापणीही न हलवणारे. हिंदुराव त्यांच्यासमोर उभे राहिले, ताठ होऊन सलाम केला. खडकवासल्याच्या बाजूला लष्करी प्रशिक्षण घेणारी मुलं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे गणवेश दिसला की त्यांना माया येते.

"पानी पिलास का रं सकाळधरनं?"

पहारेकऱ्याची नजर नुसती सरकली.

"लाडू दे गं ह्याला."

"हिंदुराव!" हे कळवळून म्हणाले. "ते ड्यूटीवर आहेत!"

"मंग? ड्यूटीवर भूक लागत न्हाई का?" तरी शालूवहिनींनी लाडू परत ठेवला. हे मात्र त्या क्षणापासून आमच्यातले राहिले नाहीत. चर्चमध्ये रंगीत काचा बघताना हे एका खांबाआड आणि आम्ही दुसऱ्या खांबाआड.

नंतर किल्ल्याच्या बागेत आलो. खाली सगळं शहर, लाल कौलांची घरं, नदी, पूल. पुण्यात पर्वतीवरून जसं दिसतं तसं, फक्त कोणी तरी आवरून ठेवलेलं. शालूवहिनींचे पाय दुखत होते. त्यांनी हिरवळीवर चादर पसरली, भाकरी काढल्या. हिंदुरावांनी तिथल्या दुकानातून घेतलेला कांदा पुतळ्याच्या चौथऱ्यावर ठेवला आणि बुक्कीने फोडला. तो आवाज बागेत चांगलाच घुमला.

हिरवळीच्या कडेला एक लहानशी पाटी होती. तिच्यावर चालणाऱ्या पावलाचं चित्र आणि त्यावर लाल रेघ. मी ती पाहिली तोवर राखाडी गणवेशातली एक बाई येत होती. रागावलेली नव्हती, नुसती थकलेली दिसत होती. तिने चादरीकडे पाहिलं, भाषा चालणार नाही हे ओळखलं आणि आजूबाजूला इंग्रजी येणारं कोणी दिसतंय का ते बघितलं. जवळच हे उभे होते. सूट, हॅट, नकाशा.

"सर, हे लोक तुमच्याबरोबर आहेत का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"नो," हे म्हणाले.

ती जराशी थांबली. यांना वाटलं असावं की उत्तर पुरेसं झालं नाही. म्हणून हे पुढे म्हणाले, "नो, मॅडम. आय अ‍ॅम अलोन."

मी यांच्या शेजारी उभी होते. माझ्या खांद्यावर यांचा मफलर होता, माझ्या पर्समध्ये यांचा पासपोर्ट होता, आणि सकाळी यांच्या टायची गाठ मी बांधली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा नवरा एकटा आहे हे मला प्रागला जाऊन कळलं.

मी हिरवळीवर गेले आणि चादरीवर शालूवहिनींच्या शेजारी बसले. "मी या लोकांबरोबर आहे," मी त्या बाईला म्हटलं. ती हसली आणि पलीकडचा बाक दाखवला, तिथे बसून खा म्हणाली. आम्ही चादर उचलली. मागे वळून पाहिलं तर हे नव्हते.

पुढचा भाग मी पाहिलेला नाही. यांनी तो मला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या प्रकारे सांगितला आहे, पण सगळ्या प्रकारांत समान असलेला मजकूर असा. हे तिथून तडक निघाले आणि ट्राममध्ये चढले. साध्या वेशातल्या एका माणसाने बिल्ला दाखवून तिकीट मागितलं. यांनी वरच्या खिशातलं, सकाळीच घेऊन ठेवलेलं तिकीट रुबाबात दिलं. तिथे तिकीट घेऊन भागत नाही, ते चढल्याबरोबर पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. यांच्या तिकिटावर शिक्का नव्हता. नियमांवर जन्म काढलेल्या माणसाने बिनशिक्क्याच्या तिकिटावर प्रवास केला होता! यांनी त्याच्याशी इंग्रजीत वाद घातला आणि तसं परिपत्रक दाखवा म्हणाले. त्याने खांबावरची सूचना दाखवली, ती इंग्रजीतही होती. मग त्याने ओळखपत्र मागितलं. ते माझ्या पर्समध्ये. पाकीटही माझ्याकडे, कारण सुटाच्या खिशाला फुगवटा येतो. फोन हॉटेलात.

चूक सगळी यांचीच होती आणि तो पोलीस, जो नंतर आला, फार सभ्य तरुण होता. त्याने विचारलं, "तुम्हाला ओळखणारं इथे कोणी आहे का?"

यांनी हॅट काढून हातात घेतली म्हणे. मग म्हणाले, "किल्ल्याच्या बागेत."

आम्ही बाकावर बसलो होतो. ती गणवेशातली बाईही जेवणाच्या सुट्टीत येऊन बसली होती, तिने ठेचा चाखला होता आणि डोळ्यांतून पाणी येत असूनही पुन्हा मागून घेतला होता. तेवढ्यात फाटकातून हे आले. हॅट हातात, शेजारी पोलीस.

पोलिसाने त्यांच्या भाषेत त्या बाईला काही विचारलं. तिने यांच्याकडे नीट बघितलं आणि इंग्रजीत, आमच्यासाठीच बहुधा, म्हणाली, "पण हे गृहस्थ मला म्हणाले की ते एकटे आहेत."

पोलीस माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही यांना ओळखता?"

हे माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. आणि मी, पस्तीस वर्षं मुलांना चांगल्या वागणुकीचे धडे शिकवलेली शिक्षिका, शांतपणे म्हणाले, "ही इज अलोन."

म्हणताना फार गोड वाटलं. खोटं कशाला बोलू.

ती गोडी संपायच्या आत हिंदुराव उठले. हाताला ठेचा तसाच. "सायेब!" असं ओरडत गेले आणि यांच्या खांद्यावर हात टाकला, तपकिरी सुटावर. मग पोलिसाला त्यांना येत असलेलं सगळं इंग्रजी एकदम ऐकवलं. "ब्रदर! माय ब्रदर! फुल ब्रदर!"

पोलिसाने टोपीकडे बघितलं, सुटाकडे बघितलं. कुठल्या आईची ही मुलं, असा विचार त्याच्या तोंडावर दिसत होता.

"भाभी," शालूवहिनी मला कोपराने ढोसत हळूच म्हणाल्या, "पासपोर्ट काढा की. किती वेळ हुबं करायचं त्यांना?"

मी पासपोर्ट काढला. दंड भरला. पोलीस सलाम करून गेला. हिंदुरावांनी उरलेली भाकर यांच्या हातात दिली आणि यांनी ती उभ्याउभ्याच खाल्ली.

परत येताना आम्ही पुलावरून चालत आलो. आता हे मागे होते, बरेच मागे. पुलावरून नदीवरचा तिरपा बंधारा दिसतो. हिंदुराव कठड्याशी थांबले, हे येईपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "सायेब, ह्यो बंधारा असा तिरका का घातला आसंल? तुमचं खातं हाय, सांगा की."

एरवी या प्रश्नावर यांनी अंधार पडेपर्यंत व्याख्यान दिलं असतं. हे कठड्याला धरून उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या," हिंदुराव म्हणाले. "मागनं सांगा."

पुण्याला आल्यावर खरी शिक्षा सुरू झाली. दातारांनी सोसायटीच्या गच्चीवर सगळ्यांना जमवलं आणि हिंदुरावांना प्रवासाचं चार शब्दांत सांगा म्हणाले. मी यांच्याकडे पाहिलं. हे पांढरेफटक. हिंदुराव उभे राहिले आणि म्हणाले, "सायबानं आमाला समदं दावलं. घड्याळ दावलं, पूल दावला, किल्ला दावला. भाषा येत न्हवती, तर सायबानं भावावानी संभाळलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अय्युबही मुद्दाम आलेला, त्यानेही वाजवल्या. लंडनचं नाव त्या दिवशी कोणी काढलं नाही. ज्या क्षणासाठी हे सगळं केलं होतं तो क्षण समोर आला होता आणि हे खुर्चीत असे बसले होते की दाढ दुखतेय की काय वाटावं.

त्यानंतर हे हिंदुरावांना चुकवायला लागले. भाजी वारज्यात न घेता कर्वेनगरला जाऊन आणायला लागले. रात्री मधेच विचारायचे, "नजमा, त्यांना समजलं असेल का गं?"

"त्यांना कुठं इंग्रजी येतं," मी म्हणायचे.

"हो, ते आहेच," हे म्हणायचे आणि कूस बदलायचे. मीही बदलायचे. पण एक खरं, यांची फजिती आठवून मला अजून हसू येत असे. माझ्या मते मी फक्त हिशेब चुकता केला होता.

शेवटी एका संध्याकाळी हे म्हणाले, "मी जाऊन माफी मागतो." मी बरोबर गेले, कारण हे बोलायला लागले की माफीचाही सरकारी मसुदा होतो. झालंही तसंच. हिंदुराव शेंगा सोलत बसले होते. हे उभे राहूनच म्हणाले, "हिंदुराव, प्रवासादरम्यान माझ्याकडून आपल्याबाबत एक अत्यंत अनुचित..."

"बसा की," हिंदुराव म्हणाले. "बागंतलं म्हनताय न्हवं?"

हे मटकन बसले.

"सायेब, इंग्रजी येत न्हाई मला. पर 'नो' कळतं की. बैलालाबी कळंल." त्यांनी यांच्यासमोर शेंगा सरकवल्या. "त्ये फुडचं 'अलोन' काय ते न्हवतं कळलं. तुमी बी म्हनला, मागनं भाभी बी म्हनल्या. म्हनलं काय आसंल बाबा, दोघं बी तेच म्हनत्यात. मंग रातच्याला पोराला फोनवर इचारलं."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. इतके दिवस मी गुन्हेगाराची बायको म्हणून फिरत होते. त्या खोलीत दोन गुन्हेगार होते हे मला तेव्हा कळलं. यांना मी टाकलं तेव्हा यांच्या खांद्यावर हात टाकायला उठला होता तो हा माणूस, आणि त्याला सगळं समजलेलं होतं.

"म्हणजे संभाजीलाही..." मी म्हटलं.

"म्हाईत हाय की. त्यो लई चिडला. म्हनला, आबा, मी बोलतो त्यांना. म्या म्हनलं, तू गप." हिंदुरावांनी टरफलं एका बाजूला केली. "त्यो कालेजात हुता न्हवं, तवा एकदा डबा द्याया ग्येलो. मैतरांनी इचारलं ह्ये कोन. त्यो म्हनला, आमचा गडी हाय. मी डबा दिला आन् आलो. म्हनून त्याला म्हनलं, मानूस कवाकवा घाबरतं. म्हनून काय आपलं ऱ्हात न्हाई व्हय?"

शालूवहिनींनी चहा आणला. त्यात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा. यांना साखरेचा आजार आहे. यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं लिफ्टची वाट बघत होतो. लिफ्ट वरून आली, दार उघडलं, आत संभाजी. रोज तो "गुड मॉर्निंग काका, गुड मॉर्निंग काकू" म्हणायचा. आज त्याने आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे पाहिलं. वडिलांनी काल आम्हाला काय काय सांगितलं हे त्याच्या कानावर गेलेलं दिसत होतं. आम्ही आत शिरलो आणि तिघंही वर, मजल्यांच्या आकड्यांकडे टक लावून बघायला लागलो.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट पुन्हा थांबली. मथुराबाईंना पेपर देऊन हिंदुराव आत आले. आमच्याकडे एकेकाकडे नीट बघितलं.

"काय रं," त्यांनी लिफ्ट हलेल अशा आवाजात विचारलं, "समदे अनोळखी असल्यावानी का हुबं ऱ्हायलाय?"